शंभरातली ब्याऐंशी मुले कुठे गेली?

नेसरी म्हटले की महाराष्ट्राला २४ फेब्रुवारी १६७४ ची लढाई आठवते. प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार इथे धारातीर्थी पडले. त्यांचे स्मारक इथे उभे आहे, आणि ते असायलाच हवे. पण या मुलखात आणखी एक लढाई झाली, शाळेतल्या बाकासाठीची. तिचे स्मारक नाही. म्हणून तिचा इतिहास आपल्यालाच सांगावा लागतो.

नेसरीहून बेळगाव ओलांडले की पुढे धारवाड. तिथे जून १८५६ मध्ये एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज केला. फी भरायची त्याची तयारी होती. सरकारने अर्ज फेटाळला. कारण काय, तर एका मुलाला घेतले तर बाकीची मुले शाळा सोडतील! म्हणजे अडचण त्या मुलाच्या बुद्धीत नव्हती. अडचण शेजारी बसणाऱ्यांच्या मनात होती आणि शिक्षा मात्र त्याला झाली. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे अस्पृश्यांच्या शिक्षणाचे निवेदन मांडले, तेव्हा हे प्रकरण पुराव्यासकट नोंदवले.

कोल्हापूर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी या प्रश्नाला उत्तर दिले. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा निर्णय झाला. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठरला. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवण्याचा हुकूम निघाला. याच भूमीत १९२० च्या मार्चमध्ये माणगावची परिषद भरली. महाराजांनी शाळेचे दार उघडले, हे कोणी नाकारू शकत नाही.

पण दार उघडले म्हणजे शिक्षण झाले का? हा प्रश्न बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात विचारला. प्राथमिक शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. प्राथमिक शिक्षणाचा हेतू मुलाचे नाव पटावर चढवणे हा नाही. शाळेत आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे आणि आयुष्यभर साक्षर राहिले पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. दारूवरच्या कराचे जेवढे उत्पन्न सरकार जनतेकडून घेते, तेवढे तरी तिच्या शिक्षणावर खर्च करा, असेही त्यांनी सुनावले.

आज पटसंख्येचा गाजावाजा होतो. पण २०२२ च्या असर अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या शंभरांपैकी जेमतेम त्रेचाळीस मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत होता. म्हणजे बाबासाहेबांच्या काळात मूल शाळेबाहेर गळत होते, आज ते वर्गात बसूनच गळते. पट भरलेला आणि पाटी कोरी!

हा रोग फक्त आपला नाही. फिलिपिन्समध्ये अमेरिकी राजवटीने १९०१ पासून इंग्रजी माध्यमाच्या शाळांचे जाळे पसरले. १९२५ मध्ये पॉल मन्रो यांच्या पाहणीत दिसले की परक्या भाषेच्या ओझ्याखाली तिथली मुले वाचनात कितीतरी वर्षे मागे आहेत. जवळपास शंभर वर्षांनी, २०१८ च्या पिसा चाचणीत तो देश ७९ देशांमध्ये वाचनात तळाला होता. मधल्या काळात तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याचे धोरण आले, पण २०२४ मध्ये कायद्याने त्याची सक्ती काढून टाकली. धोरणे बदलत राहिली, गरिबाचे मूल तिथेच राहिले.

यातून आपण काय घ्यायचे? आपल्या वस्तीतले मूल घरी जी मराठी बोलते ती शाळेत ‘अशुद्ध’ ठरते. सीमाभागात काही घरांत कानडी बोलली जाते, पुस्तक मात्र प्रमाण मराठीत असते. मूल गप्प बसते आणि गुरुजी म्हणतात, ‘याला येत नाही.’ ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मागे फिरणाऱ्या मुलालाही हाच शिक्का बसतो. १८५६ मध्ये जात दाखवून बाहेर ठेवत होते, आता ‘गुणवत्ता’ दाखवून मागे ठेवतात. त्यात कमी पटाच्या शाळा गुंडाळून दूरच्या समूह शाळेत मुले पाठवण्याची भाषा सुरू आहे. रोजची पायपीट वाढली की सर्वांत आधी कोणाची मुलगी घरी बसेल, हे सांगायला हवे का?

मित्रांनो, शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणात जागा मिळावी लागते. आपल्या गावच्या समितीत आपल्या वस्तीतले कोण आहे? तिची सभा शेवटची कधी झाली? चौथीतली किती मुले अडखळल्याशिवाय वाचतात? हे प्रश्न विचारायला मोर्चा लागत नाही. सभेला हजर राहावे लागते.

जयंतीला आपण वर्गणी काढतो, मिरवणूक काढतो. त्याच वर्गणीतून विहारात रोज संध्याकाळी एक तास वाचनवर्ग चालवता येतो. शिकलेल्या प्रत्येक तरुणाने दोन मुले वाचती केली, तर ती बाबासाहेबांना खरी मानवंदना ठरेल. त्या ब्याऐंशी मुलांचा हिशेब अजून बाकी आहे, आणि तो सरकारकडे मागताना आपल्यालाही द्यावा लागणार आहे.

जय भीम!