अबॅकॉटची वंशावळ

शब्दाचं मूळ शोधत मागे जावं, तर इंग्रजीत बहुधा लॅटिन भेटते, ग्रीक भेटते, नाहीतर जुनी फ्रेंच. ‘अबॅकॉट’च्या मुळाशी भेटतो तो छापखान्यातला जुळारी.

जुन्या इंग्रजी कोशांत या शब्दाचा अर्थ मोठ्या ऐटीत दिलेला असे: इंग्लंडचे राजे पूर्वी घालत ती दोन मुकुटांच्या घडणीची राजटोपी. काही कोशांनी तर तिचं चित्रही छापलं. पण ‘अबॅकॉट’ नावाची टोपी कधी कुणा राजाने घातलीच नव्हती.

घातली होती ती ‘बायकॉकेट’. नाव फ्रेंचांकडून आलेलं. सिनेमातला रॉबिन हूड घालतो तसली, चोचीसारखं टोक काढलेली टोपी. 1464 मध्ये उत्तर इंग्लंडात हेक्सहॅमची लढाई झाली, सहाव्या हेन्रीचा पक्ष हरला आणि त्याची दोन मुकुट जडवलेली उंच बायकॉकेट विजेत्यांच्या हाती लागली. ती त्यांच्या राजाला, चौथ्या एडवर्डला, यॉर्क इथे नजर करण्यात आली. एडवर्ड हॉलने हा प्रसंग आपल्या बखरीत नोंदवला.

ती बखर 1548 मध्ये छापली गेली. इंग्रजीत नामाआधी ‘अ’ लावायची रीत आहे. ‘अ बायकॉकेट’मधला हा ‘अ’ छापताना पुढच्या शब्दाला चिकटला, एक अक्षर बदललं आणि झालं ‘अबोकॉकेट’. आपल्याकडे ‘ध’चा ‘मा’ करायला निदान कुणाचा तरी हेतू होता. इथे तोही नाही. बखरीचा मुद्रक होता रिचर्ड ग्राफ्टन. पुढे त्याने स्वतःची बखर लिहिली आणि आपल्याच छापखान्यातली चूक तिच्यात जशीच्या तशी उतरवून घेतली! मग हॉलिन्शेड या बखरकाराने शेपूट छाटून ‘अबोकॉक’ केलं. 1587 मध्ये हॉलिन्शेडच्या बखरीची दुसरी आवृत्ती सिद्ध करताना अब्राहम फ्लेमिंगला हे रूप बहुधा खटकलं असावं. त्याने ते ‘सुधारून’ अबॅकॉट केलं. मला विचाराल तर खरा दोषी हाच. जुळाऱ्याचा हात चुकतो, ते माफ. पण न कळलेला शब्द गोंडस करून पुढे ढकलणारा संपादक फार महागात पडतो.

अक्षर असं इकडचं तिकडे जाणं इंग्रजीला नवं नाही. स्वयंपाकघरातला ‘एप्रन’ मुळात ‘नॅप्रन’ होता. त्याचा ‘न’ आधीच्या ‘अ’ने पळवला. मात्र तो बदल लोकांच्या तोंडी झाला, म्हणून एप्रन खरा शब्द. अबॅकॉट कुणाच्या तोंडी कधी आलाच नाही. तो वाढला तो नुसत्या शाईवर.

तरी वाढला जोमाने. तो बेकरच्या बखरीत आला, स्पेलमनच्या लॅटिन शब्दसंग्रहात शिरला. तिथे शिरल्यावर त्याला विद्वत्तेची झूल चढली. मग कोशकार फिलिप्स, बेली, ॲश, जॉन्सनच्या कोशाचा संस्कर्ता टॉड... मूळ बखर उघडायची तसदी न घेता एकाने दुसऱ्याला ही टोपी घातली आणि दुसऱ्याने तिसऱ्याला.

जेम्स मरी 1879 पासून ऑक्सफर्डच्या कोशाचा संपादक होता. त्याची रीत वेगळी. शब्द कोशात घ्यायचा तर तो कुठे, कधी वापरला गेला याचं अवतरण हवं. स्वयंसेवकांनी पाठवलेल्या अशा चिठ्ठ्यांनी त्याची पत्र्याची शेड भरलेली असे. अबॅकॉटचा माग काढत तो मागे मागे गेला, तर प्रत्येक पायरीवर आधीच्या लेखकाची नक्कल. 1882 मध्ये ‘अथेनियम’ साप्ताहिकात त्याने ही भानगड उघडी केली आणि पुढे कोशात ‘बायकॉकेट’ या नोंदीखाली अबॅकॉटची सगळी वंशावळ मांडली.

1886 मध्ये वॉल्टर स्कीट या भाषापंडिताने असल्या शब्दांना ‘भूतशब्द’ हे नाव दिलं. त्याने दिलेला एक मासला आपल्या ओळखीचा निघतो. 1808 च्या ‘एडिनबरा रिव्ह्यू’त हिंदूंच्या अघोरी चालींची यादी होती. काही लोक गळ टोचून घेऊन झुलतात, असं तिथे म्हटलं होतं. म्हणजे आपलं बगाडच. आणि काही जण तळहातांतून ‘काइम्स’ आरपार घालतात. हे ‘काइम्स’ म्हणजे कुठलं तरी हिंदुस्थानी हत्यार असेल, असंच विलायतेतल्या वाचकाला वाटणार. प्रत्यक्षात तो ‘नाइव्ह्ज’चा मुद्रणदोष होता: साध्या सुऱ्या.