हकीकत (१९६४ चित्रपट)

'हकीकत' हा चेतन आनंद यांनी निर्मित व दिग्दर्शित केलेला, १९६४ साली प्रदर्शित झालेला कृष्णधवल हिंदी युद्धपट आहे. १९६२ च्या भारत-चीन युद्धात लडाखच्या पठारावर मुख्य सैन्यापासून तुटलेल्या पायदळाच्या एका छोट्या प्लाटूनची कथा त्यात सांगितली आहे. बलराज साहनी, धर्मेंद्र, प्रिया राजवंश, विजय आनंद, जयंत, सुधीर व संजय खान यांच्या त्यात भूमिका आहेत. संगीत मदन मोहन यांचे आणि गीते कैफी आझमी यांची आहेत. स्वतंत्र भारताने स्वतः लढलेल्या युद्धावरचा हा पहिला महत्त्वाचा हिंदी चित्रपट मानला जातो. पुढील काळातील बहुतेक हिंदी युद्धपट विजयाचे आहेत. हा मात्र पराभवाचा आहे आणि त्याने तो पराभव लपवलेला नाही.

पार्श्वभूमी

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि ईशान्य सीमा या दोन्ही आघाड्यांवर एकाच वेळी हल्ला केला. चीनने एकतर्फी युद्धविराम जाहीर केला तेव्हा नोव्हेंबरचा तिसरा आठवडा संपत आला होता. जेमतेम एक महिन्याच्या या युद्धाने देशाच्या आत्मविश्वासाला मोठा तडा गेला. सीमेवर घाईने पाठवलेल्या अनेक तुकड्यांकडे हिवाळी कपडे पुरेसे नव्हते, हातात पहिल्या महायुद्धाच्या काळातील घडणीच्या .३०३ रायफली होत्या आणि विरळ हवेची सवय होण्यास वेळही मिळाला नव्हता. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, हे मराठी माणसाच्या तोंडी बसलेले वाक्य त्याच प्रसंगाचे.

पराभवाच्या कारणांचा शोध घेण्यासाठी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंह भगत यांनी चौकशी केली. सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाणांनी तिच्या निष्कर्षांचा सारांश लोकसभेत मांडला. प्रशिक्षण, साधनसामग्री आणि नेतृत्व यांतील उणिवा त्यात मान्य केलेल्या होत्या. मूळ अहवाल मात्र सरकारने गोपनीय ठेवला. चित्रपट पुढच्याच वर्षी आला, आणि त्याचे नाव होते 'हकीकत', म्हणजे सत्य किंवा वस्तुस्थिती. अहवाल कुलुपात असताना त्या युद्धाचे जे चित्र सामान्य प्रेक्षकाच्या मनात तयार झाले, ते मोठ्या प्रमाणात या चित्रपटाने दिलेले आहे. म्हणूनच त्यात काय दाखवले आणि काय वगळले, हा प्रश्न केवळ चित्रपट-रसिकांपुरता राहत नाही.

कथानक

लडाखच्या सीमेवरील विखुरलेल्या चौक्या मेजर रणजितसिंह (बलराज साहनी) यांच्या अधिकाराखाली आहेत. कॅप्टन बहादुरसिंह (धर्मेंद्र) हा तरुण अधिकारी तेथील अंगमो (प्रिया राजवंश) या लडाखी मुलीच्या प्रेमात पडतो. पहिली गोळी आपल्याकडून सुटता कामा नये, असा वरून आदेश आहे. समोर चिनी सैनिकांची संख्या दिवसेंदिवस वाढत असताना जवान बोट चापावर ठेवून ताटकळत राहतात. हल्ला होतो तेव्हा चौक्या एकेक करून घेरल्या जातात. एका प्लाटूनमधील जवान मारले गेले असावेत असे मागच्या तळावर समजले जाते. प्रत्यक्षात त्यांतील काहींना भटके लडाखी लोक वाचवतात. माघारीचा हुकूम येतो, पण परतीची वाट शत्रूच्या ताब्यात गेलेली असते. उरलेल्यांना निसटता यावे म्हणून बहादुरसिंह आणि अंगमो मागे थांबून चिनी सैन्याला थोपवतात व प्राण देतात.

कथेची ही चौकट साधी आहे. चित्रपटाचे खरे बळ मधल्या रिकाम्या वेळात आहे: थंडीने बधिर झालेली बोटे, घरच्या आठवणी, संपत आलेली काडतुसे आणि मदत येईल की नाही याची वाट पाहणे. तुलनेने प्रेमकथेचा भाग लांबला आहे. अंगमो ही व्यक्तिरेखा लडाखी समाजातून उगवलेली न वाटता हिंदी चित्रपटाच्या नायिकेच्या नेहमीच्या साच्यातील वाटते.

निर्मिती

चेतन आनंद (१९१५–१९९७) यांच्या 'नीचा नगर' या पहिल्याच चित्रपटाला १९४६ च्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार विभागून मिळाला होता. 'हकीकत' त्यांनी हिमालया फिल्म्स या आपल्या संस्थेतर्फे काढला. भारतीय सैन्याच्या सहकार्याने त्याचे बाह्यचित्रण लडाखमध्ये झाले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीसाठी त्या काळी ही असाधारण गोष्ट होती, कारण डोंगर म्हटले की काश्मीरच्या बागा आणि दल सरोवर, अशीच पडद्याची सवय होती. येथे झाड नाही, सावली नाही. उघडे कडे आणि त्यांवरून सरकणाऱ्या माणसांच्या बारीक आकृती आहेत. कृष्णधवल छायाचित्रणात या भूमीचा रखरखीतपणा अधिक ठळक झाला. कलादिग्दर्शन एम. एस. सथ्यू यांचे होते. त्यासाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे त्यांनीच 'गर्म हवा' दिग्दर्शित केला.

प्रिया राजवंश यांचा हा पहिला चित्रपट. ब्रिगेडियरची भूमिका करणारे जयंत (मूळ नाव झकारिया खान) हे अमजद खान यांचे वडील होत. चित्रपट जवाहरलाल नेहरू आणि लडाखमध्ये लढलेले जवान यांना अर्पण केलेला आहे. नेहरूंचे निधन २७ मे १९६४ रोजी झाले होते.

रेझांग ला आणि चित्रपट

'हकीकत' हा रेझांग लाच्या लढाईवर आधारित आहे असे सर्रास लिहिले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी पहाटे चुशूलच्या आग्नेयेस, सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवरील रेझांग ला या खिंडीत १३ व्या कुमाऊं बटालियनच्या चार्ली कंपनीवर चिनी हल्ला झाला. कंपनीत सुमारे १२० जवान होते. ते बहुतांशी आजच्या हरियाणातील अहिर समाजाचे. कंपनीचे नेतृत्व जोधपूर भागातील मेजर शैतानसिंह करीत होते. मध्ये डोंगररांग आल्याने भारतीय तोफखान्याचा मारा या खिंडीपर्यंत पोहोचू शकत नव्हता. कंपनी शेवटच्या गोळीपर्यंत लढली आणि ११० हून अधिक जवान धारातीर्थी पडले. बचावलेल्या मोजक्या जवानांनी सांगितलेल्या हकिकतीवर आरंभी अनेकांचा विश्वास बसला नाही. पुढील वर्षाच्या आरंभी एक मेंढपाळ त्या भागात गेला, तेव्हा मृतदेह आपापल्या मोर्चांत, शस्त्रे हातात धरलेल्या अवस्थेत गोठलेले आढळले. मेजर शैतानसिंह यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यात आले.

चित्रपटात हे तपशील नाहीत. रेझांग लाच्या कंपनीने जागा सोडली नाही. चित्रपटातील प्लाटून माघार घेण्याची धडपड करते. कंपनी एका समाजाची व एका प्रदेशाची होती; चित्रपटातील प्लाटून मात्र देशाचे छोटे प्रतिरूप वाटावे अशी जुळवलेली आहे. मेले असे समजले गेलेले जवान जिवंत निघण्याचा प्रसंग लडाखच्याच दुसऱ्या एका लढाईची आठवण करून देतो. पँगाँग सरोवराच्या उत्तर काठावरील सिरिजाप येथे १/८ गोरखा रायफल्सचे मेजर धनसिंह थापा यांची एकाकी चौकी २० ऑक्टोबरला पडली. ते मारले गेले असे गृहीत धरून परमवीर चक्र जाहीर झाले. पण ते चीनच्या कैदेत होते आणि नंतर परत आले. चित्रपटाची कथा कोणत्याही एका लढाईची नोंद नाही, असे म्हणणेच योग्य. शैतानसिंह व त्यांचे सहकारी यांच्यावर थेट आधारलेला '१२० बहादुर' हा चित्रपट येण्यास २०२५ साल उजाडावे लागले.

चित्रपटाने वगळलेली गोष्ट याहून मोठी आहे. जवानांकडे कपडे आणि शस्त्रे का नव्हती, चौक्या इतक्या पुढे व इतक्या विरळ का ठेवल्या गेल्या, हे प्रश्न पडद्यावरील परिस्थितीतून उभे राहतात. त्यांचे उत्तर मात्र शत्रूच्या विश्वासघातापाशी थांबते. दिल्लीतील निर्णयांकडे चित्रपट बोट दाखवत नाही. चिनी सैनिकही माणूस म्हणून कोठे दिसत नाहीत. युद्धानंतर दोनच वर्षांनी आणि सैन्याच्या सहकार्याने काढलेल्या चित्रपटाकडून याहून अधिकाची अपेक्षा करणे कदाचित अन्यायाचे होईल, तथापि शीर्षकानेच सत्याचा दावा केलेला असल्याने ही उणीव नोंदवणे आवश्यक ठरते.

संगीत

'होके मजबूर' हे गीत मोहम्मद रफी, तलत मेहमूद, मन्ना डे आणि भूपिंदर सिंग यांनी मिळून गायिले आहे. भूपिंदर यांचे हे पहिले चित्रपटगीत. अडकून पडलेले जवान, घरी आपली वाट पाहणाऱ्या माणसांची कल्पना करीत आहेत, असा प्रसंग. एकाच चालीत चार वेगळे आवाज आल्याने प्रत्येक जवानाला त्याचे स्वतःचे घर मिळते. मदन मोहन यांच्या उत्कृष्ट रचनांत हिची गणना होते. लता मंगेशकर यांच्या आवाजातील 'जरा सी आहट होती है' हे विरहगीत चित्रपटाबाहेरही स्वतंत्रपणे गाजले. त्यांनीच गायिलेले दिवाळीचे एक गीत आज कमी ऐकू येते. १९६२ ची दिवाळी हल्ला सुरू झाल्यानंतर आठवड्याभरातच आली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या गीतातील दाह समजतो.

अखेरीस बर्फात पडलेल्या जवानांच्या देहांवर रफींच्या आवाजातील 'कर चले हम फिदा' सुरू होते. मरणारा सैनिक मागे राहणाऱ्यांशी बोलतो आहे, अशी या गीताची योजना आहे. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला शाळांच्या ध्वनिक्षेपकांवरून ते ऐकलेले नाही असा मराठी माणूस विरळाच. ते एका हरलेल्या लढाईचे गीत आहे, याची आठवण मात्र थोड्यांनाच असते. कवी प्रदीप यांनी लिहिलेले आणि सी. रामचंद्र (रामचंद्र चितळकर) यांनी स्वरबद्ध केलेले 'ऐ मेरे वतन के लोगों' हे गीत लता मंगेशकर यांनी २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत सादर केले होते. १९६२ च्या दुःखातून जन्मलेली ही दोन गीते आज एकाच दमात वाजवली जातात.

प्रतिसाद आणि स्थान

बाराव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत 'हकीकत'ला द्वितीय सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षी पहिला क्रमांक सत्यजित राय यांच्या 'चारुलता'चा होता. चेतन आनंद यांनी पुढे १९७१ च्या युद्धावर 'हिंदुस्तान की कसम' (१९७३) काढला, पण त्याला 'हकीकत'ची सर आली नाही.

वेढ्यात सापडलेली लहान तुकडी हा युद्धपटांचा जुना विषय आहे. जॉन फोर्ड यांचा 'द लॉस्ट पेट्रोल' (१९३४) वाळवंटात घडतो, तर अँथनी मान यांचा 'मेन इन वॉर' (१९५७) कोरियाच्या डोंगरात. दुसऱ्याची तुलना उद्बोधक आहे. त्यातही मुख्य सैन्याशी संपर्क तुटलेली प्लाटून आहे आणि तोही कृष्णधवल आहे. मात्र अमेरिकी लष्कराने त्याला सहकार्य नाकारले होते. त्यामुळे तेथे शिस्तीचा भंग आणि अधिकाऱ्यांतील वैर उघडपणे येते. 'हकीकत'मधील जवान खचतात, रडतात, पण बंड करीत नाहीत.

चंद्रपूर-गडचिरोलीशी संबंध

आजचे चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे १९६२ मध्ये चांदा या एकाच जिल्ह्यात होते. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. युद्धानंतर देशात दारूगोळ्याचे उत्पादन वाढवण्याची निकड भासली, त्या दशकात भद्रावतीजवळ आयुध निर्माणी उभी राहिली. 'चांदा' हे जिल्ह्याचे जुने नाव तिने आजही जपले आहे. चित्रपटातील जवानांच्या संपत जाणाऱ्या काडतुसांशी जिल्ह्याच्या इतिहासाचा हा असा धागा जुळतो.

वेढलेल्या तुकडीचा अनुभव या वनप्रदेशाला पडद्यापुरता राहिलेला नाही. ८ ऑक्टोबर २००९ रोजी भामरागड तालुक्यातील लाहेरी येथे पोलिसांची एक तुकडी जंगलात नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात सापडली आणि १७ पोलीस मृत्युमुखी पडले. दंडकारण्यातील एकाकी पथकाचा विषय हिंदी चित्रपटात आला तो अमित मसुरकर यांच्या 'न्यूटन' (२०१७) मध्ये. त्याची कथा शेजारच्या छत्तीसगडमधील एका मतदान केंद्रावर घडते, आणि तेथे शत्रूपेक्षा भीती व संशय यांचीच सावली मोठी आहे.

२१ ऑक्टोबर १९५९ रोजी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या गोळीबारात भारतीय पोलीस दलाचे दहा जवान मारले गेले होते. तो दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळला जातो. कर्तव्य बजावताना वर्षभरात मृत्यू पावलेल्या पोलिसांची नावे त्या दिवशी वाचली जातात, आणि गडचिरोलीच्या जंगलात पडलेल्यांची नावेही त्याच यादीत येतात.