महेव्याचे बीज

एका गावी जे साधले ते दुसऱ्या गावी साधता येईल काय, हा प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु स्वतंत्र भारताच्या ग्रामविकासाचा इतिहास बव्हंशी याच प्रश्नाभोवती फिरत आलेला आहे.

खेड्यांच्या उन्नतीचे प्रयत्न स्वातंत्र्यापूर्वीही झाले होते. रवींद्रनाथ ठाकुरांनी १९२२ साली शांतिनिकेतनाजवळच्या सुरूल गावी, लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साहाय्याने, श्रीनिकेतनचे कार्य आरंभिले. त्याच दशकात त्या वेळच्या पंजाबातील गुडगाव जिल्ह्यात एफ. एल. ब्रेन या जिल्हाधिकाऱ्याने खताचे खड्डे, लोखंडी नांगर आणि गावस्वच्छता यांची मोठी मोहीम चालविली. परंतु ब्रेन यांची बदली झाली आणि मोहिमेचा जोर ओसरला. श्रीनिकेतन टिकले, पण त्याच्यासारखी दुसरी श्रीनिकेतने गावोगावी उभी राहिली नाहीत. एक काम अधिकाराच्या बळावर चालले, दुसरे एका थोर पुरुषाच्या प्रेरणेवर. अधिकारी बदलतो आणि थोर पुरुष सर्वत्र मिळत नाही, हा त्या दोन्हींचा अर्थ होय.

१९४८ साली उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात महेवा येथे जो प्रयोग सुरू झाला, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. त्याचे प्रवर्तक आल्बर्ट मेयर हे व्यवसायाने वास्तुशिल्पज्ञ आणि नगररचनाकार. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यातील अभियंता म्हणून ते हिंदुस्थानात आले होते. १९४५ साली त्यांची आणि जवाहरलाल नेहरूंची भेट झाली व पुढे गोविंदवल्लभ पंतांच्या सरकारने त्यांचे साहाय्य घेतले. मेयर घरे बांधणारे गृहस्थ खरे. परंतु आदर्श घरे बांधल्याने आदर्श गाव होत नाही, हे त्यांनी लवकरच ओळखले.

प्रारंभी ६४ गावे निवडण्यात आली. पुढे ती संख्या ९७ झाली. काम कशाने सुरू करावयाचे, तर शेतकऱ्याला ज्याची निकड वाटते त्याने, असे ठरले. होरेस होम्स या कृषितज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली ‘पंजाब ५९१’ या गव्हाचे बी आणि सनईचे हिरवळीचे खत यांचा प्रसार झाला. प्रात्यक्षिके शेतकऱ्याच्याच शेतात, त्याच्या जुन्या पिकाशेजारी करण्यात आली. शेजारच्या बांधावरून दोन्ही पिके नजरेत भरत असता व्याख्यानाची गरज काय?

परंतु महेव्याचे खरे वैशिष्ट्य गव्हात नव्हते. पूर्वी शेतकी, आरोग्य, सहकार अशा प्रत्येक खात्याचा माणूस वेगवेगळा येई आणि गावकरी कोणाचेच नीट ऐकत नसे. महेव्याला चार-पाच गावांमागे एकच कार्यकर्ता नेमण्यात आला. तो सर्व खात्यांचा दूत आणि गावाचा स्नेही. या कार्यकर्त्याने बैठकीत वरिष्ठांच्या तोंडावर सांगावे की अमुक योजना गावात चालत नाही, आणि वरिष्ठांनी ते ऐकून घ्यावे, असा मेयर यांचा आग्रह असे. त्याला ते आंतरिक लोकशाही म्हणत. जो वरच्यासमोर वाकतो तो खालच्याला वाकवितो. म्हणून गावात लोकशाही आणावयाची तर ती आधी कचेरीत आणली पाहिजे, असा हा विचार होता.

जवळपास त्याच काळात कर्नाळजवळच्या दलदलीत सुरेंद्रकुमार डे यांच्या नेतृत्वाखाली निर्वासितांनी निलोखेडी हे नगर वसविले. ही दोन उदाहरणे देशासमोर होती. २ ऑक्टोबर १९५२ रोजी, गांधीजयंतीच्या मुहूर्तावर, ५५ सामूहिक विकास प्रकल्पांचे उद्घाटन झाले आणि प्रशासकपद डे यांच्याकडे आले. एकेका प्रकल्पात सुमारे ३०० गावे आणि दोन लाख लोक होते. बरोबर एक वर्षाने राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली आणि देशभर विकास गट पडू लागले.

आता पाहा, या वाटचालीत काय आले आणि काय गळाले. गट आला, गट विकास अधिकारी आला, ग्रामसेवक आला. परंतु महेव्याचा कार्यकर्ता चार-पाच गावे पाहत होता. विस्तार सेवेच्या ग्रामसेवकाच्या वाट्याला सुमारे दहा गावे आली. कामाचे माप उद्दिष्टांच्या आकड्यांत होऊ लागले. आणि जेथे आकडा वरून खाली येतो तेथे तक्रार खालून वर जाणे कठीण होते. समाजशास्त्रज्ञ श्यामाचरण दुबे यांनी पश्चिम उत्तर प्रदेशातील एका प्रकल्पाचा अभ्यास करून १९५८ साली दाखवून दिले की, शेतीसुधारणेच्या लाभाचा मोठा वाटा गावातील सधन व वजनदार मंडळींनाच मिळाला. ज्याच्याकडे जमीन नाही त्याला सुधारलेल्या बियाण्याचा काय उपयोग?

१९५७ साली नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीने या रोगाचे निदान स्पष्ट शब्दांत केले. लोक कार्यक्रमात मनापासून सामील झाले नव्हते, कारण सत्ता त्यांच्या हाती नव्हती. समितीच्या शिफारशींनुसार २ ऑक्टोबर १९५९ रोजी राजस्थानातील नागौर येथे पंचायत राज्याचा आरंभ झाला. येथे महाराष्ट्राने जे केले ते लक्षात घेण्याजोगे आहे. मेहता समितीने तालुक्याच्या पातळीवरील पंचायत समितीवर भर दिला होता. वसंतराव नाईक समितीने मात्र या राज्याची परिस्थिती पाहून जिल्हा परिषद बळकट करण्याची शिफारस केली, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. नमुना घेतला, पण आपल्या मापाने बेतून घेतला.

नकलेलाही अक्कल लागते, ती अशी. यशस्वी प्रयोगाचे बाह्यांग उचलणे सोपे असते. पदे, कचेऱ्या आणि तक्ते एका परिपत्रकाने देशभर जातात. पण खालच्याचे ऐकून घेण्याची सवय परिपत्रकाने जात नाही. भाताचे रोप आवणातून काढून दुसऱ्या खाचरात लावताना शेतकरी मुळे जपतो आणि त्या खाचराची चिखलणी आधी करून ठेवतो. महेव्याचे बियाणे चांगले होते, हे त्या पिकाने सिद्ध केले. पुढच्या प्रत्येक प्रयोगाने स्वतःला विचारावयाचा प्रश्न एवढाच की, आपण रोप नेले, पण मुळे बरोबर आली काय?