पांडुरंग सांगवीकरला परत जायला घर होते

मराठी कादंबरीतला बंडखोर म्हटले की भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'मधला (१९६३) पांडुरंग सांगवीकर हमखास पुढे केला जातो. खानदेशातल्या सधन घरचा मुलगा पुण्याला शिकायला जातो, बापाचा पैसा उधळतो, नापास होतो आणि गावी परततो. बापाच्या अपेक्षा त्याला नकोत, घराची रीत नको. 'कोसला' मोठी कादंबरी आहे, त्याबद्दल आमचा वाद नाही. प्रश्न एवढाच : नापास झाल्यावर ज्याला परत जायला घर आणि शेत आहे, त्याच्या बंडाला अख्ख्या पिढीचे बंड का म्हणायचे?

त्याच काळातला दुसरा विद्यार्थी पाहा. १९५० साली बाबासाहेबांच्या संस्थेने औरंगाबादला कॉलेज काढले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. निजामी राजवट जाऊन दोन वर्षेही झाली नव्हती. तिथे येणाऱ्या पोरांवरही घरच्या अपेक्षेचे ओझे होते, आणि ते जड होते. पण पोराने गावकीची कामे सोडावीत, शिकावे, ही अपेक्षाच मुळी रीतीविरुद्ध होती. पांडुरंगच्या गोष्टीत बाप मुलावर चिडतो. इथे गाव बापावर चिडत होते. गाव चिडले की काय होते ते १९७८ ने दाखवले. २७ जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि इकडे वस्त्या पेटवल्या गेल्या. ४ ऑगस्टला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांना मारले. ज्यांची घरे जळाली त्यातल्या कितीतरी जणांनी विद्यापीठाची पायरीही पाहिली नव्हती.

(१४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळे विद्यापीठ निघाले. त्या विद्यापीठातून शिकलेल्या नांदेड-लातूरच्या पोरांच्या पदवीवर बाबासाहेबांचे नाव नाही. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.)

इथवर आपल्यातल्या पुष्कळांची मान डोलली असेल. पुढचे कडू आहे. नांदेड-लातूरच्या वस्त्यांत काम करताना आम्हाला त्या पिढीची मुले आता वधूपिते म्हणून भेटतात. पोरगी नीटच्या क्लाससाठी लातूरला खोली करून राहिली, तेव्हा बापाने भावकीचे टोमणे गिळले. तिने मातंग समाजातला मुलगा पसंत केला की तोच बाप म्हणतो, "लोक काय म्हणतील?" कोणते लोक? ज्या गावाला त्याचा बाप १९७८ ला भ्यायला नाही, ते? बायोडाटावर वर बुद्धाचा फोटो, धर्म बौद्ध, आणि पुढे कंसात जात. लाहोरच्या मंडळाने होऊ न दिलेले भाषण बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतः छापले. त्यात जात मोडायचा खरा उपाय म्हणून आंतरजातीय लग्नच सांगितले आहे. ते पुस्तक या घरांतही असते.

ही कादंबरी पांडुरंगच्या वाटेने लिहिता येणार नाही. या मुलीला बापाशी भांडायचे आहे, पण त्याचे उपकार नाकारायचे नाहीत. आमच्या ओळखीतली एक जण विशेष विवाह कायद्याची नोटीस लागल्यावर तीस दिवस मैत्रिणीकडे राहिली. लग्नाच्या दिवशी बाप कचेरीत आला नाही. तिच्या फीसाठी त्याने म्हैस विकली होती, हे ती अजून सगळ्यांना सांगते.