फळबागेत सापडलेलं नाणं

परदेशात काही लोकांना एक वेगळाच छंद असतो. सुट्टीच्या दिवशी सकाळी उठायचं, कानाला हेडफोन लावायचे, लांब दांड्याचा मेटल डिटेक्टर घ्यायचा आणि एखाद्या शेताच्या मालकाला विचारून त्याच्या रानात दिवसभर फिरायचं. जमिनीवरून ती चकती इकडून तिकडे फिरवत राहायची. चकतीतून चुंबकीय क्षेत्र सोडलेलं असतं, त्यामुळे मातीतल्या धातूत अगदी क्षीण विद्युतप्रवाह फिरतो, आणि त्याची चाहूल यंत्राला लागते. चांदीचा आवाज चढा, लोखंडाचा खर्जातला. कान तयार झाला की खोदण्याआधीच निम्मं समजतं म्हणे. तरीही बहुतेक वेळा हाती लागतात ते गंजके खिळे आणि शीतपेयांच्या डब्यांच्या कड्या!

पूर्वी मला हा प्रकार म्हणजे निव्वळ रिकामटेकडेपणा वाटायचा. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या एका नाण्याची हकीकत वाचली आणि मत बदललं.

ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतलं सर्वात लहान राज्य. तिथल्या मिडलटाउन गावात एक फळबाग आहे. २०१४ साली जिम बेली नावाच्या हौशी इतिहास-अभ्यासकाने तिथे डिटेक्टर फिरवला. आधी वसाहतकाळातली काही नाणी निघाली, अठराव्या शतकातलं बुटाचं बक्कल निघालं, बंदुकीच्या काही गोळ्या निघाल्या. आणि मग चांदीचं एक लहानसं, काळवंडलेलं नाणं.

अशा वेळी नाणं ओळखायचं कसं? पहिला नियम म्हणजे ते घासायचं नाही. लिंबू-चिंच लावून चकचकीत करण्याचा आपला मोह इथे घातक ठरतो, कारण काळेपणाबरोबर अक्षरंही जातात. मग आकार, वजन, कडा आणि लिपी पाहायची. आणि या सगळ्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे आजूबाजूला काय सापडलं आणि त्या जागी कोणतं नाणं *असायला हवं होतं* याचा विचार करायचा.

सतराव्या शतकातल्या न्यू इंग्लंडमध्ये नाण्यांची कायम चणचण असे. इंग्लंडहून चांदी फारशी येत नसे. व्यवहार चालत ते स्पॅनिश अमेरिकेतल्या डॉलरवर, आणि सुट्टे हवे असले की त्या डॉलरचेच छिन्नीने तुकडे करत. या टंचाईला कंटाळून मॅसॅच्युसेट्सच्या लोकांनी १६५२ मध्ये बॉस्टनला आपली टांकसाळ काढली. गंमत म्हणजे पुढची तीसेक वर्षं जवळजवळ सगळ्या नाण्यांवर १६५२ हेच साल पडत राहिलं. नाणी पाडणं हा राजाचा अधिकार, आणि १६५२ साली इंग्लंडात राजाच नव्हता. तेव्हा कोणी जाब विचारलाच तर सांगायला पळवाट, असं त्याचं कारण सांगतात.

तर बेलींनाही आधी वाटलं, हे नाणं एक तर स्पॅनिश असेल, नाही तर बॉस्टनचं. नीट पाहिलं तर त्यावर अरबी अक्षरं! शोध घेतल्यावर कळलं की नाणं येमेनमध्ये १६९३ साली पाडलेलं आहे.

आता आली का पंचाईत? १६९३ च्या सुमारास न्यू इंग्लंडच्या व्यापाऱ्यांचा येमेनशी सरळमार्गी व्यापार नव्हता. मग तांबड्या समुद्राच्या तोंडाशी पाडलेलं नाणं अटलांटिकच्या पलीकडच्या फळबागेत आलं कसं?

याचं उत्तर शोधत गेलं की आपण थेट सुरतेच्या वाटेवर येऊन पोचतो.

गंज-इ-सवाई हे औरंगजेबाचं जहाज. गंज म्हणजे खजिना, आणि सवाई म्हणजे आपल्या सवाई माधवरावांमधलं तेच. दरवर्षी हे जहाज सुरतेहून माल आणि हजचे यात्रेकरू घेऊन जाई. मोखा आणि जेद्दा इथे हिंदुस्थानी माल विकला जाई, आणि परतीच्या वेळी विक्रीचं सोनं-नाणं जहाजावर असे. तो काळ येमेनच्या कॉफीच्या भरभराटीचा. ती कॉफी घेण्यासाठी जगभरची चांदी तिकडे वाहत होती, आणि हिंदुस्थानी कापडाच्या बदल्यात त्यातली बरीचशी सुरतेकडे येत होती.

सप्टेंबर १६९५ मध्ये, सुरत आठ-नऊ दिवसांवर राहिली असताना, इंग्लिश चाचा हेन्री एव्हरी याच्या 'फॅन्सी' जहाजाने गंज-इ-सवाईला गाठलं. मुघलांचं जहाज मोठं होतं, तोफाही भरपूर होत्या. पण ऐन वेळी त्यांचीच एक तोफ फुटली आणि गोंधळ उडाला. चाचे जहाजावर चढले. इतिहासकार खाफीखान लिहितो की जहाजावर बावन्न लाख रुपयांचं सोनं-चांदी होतं आणि लूट हलवायला चाच्यांना आठवडा लागला. त्या आठवड्यात यात्रेकरू स्त्रियांवर अत्याचार झाले. अब्रू वाचवण्यासाठी काहींनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी कट्यारीने जीव दिला.

ही बातमी बादशहाकडे गेली. आणि बादशहा तेव्हा कुठे होता? दिल्लीत नाही, आग्र्यात नाही. तो आपल्या सोलापूर जिल्ह्यात होता! मंगळवेढ्याजवळ भीमेच्या काठी ब्रह्मपुरीला १६९५ पासून त्याचा तळ पडला होता. माचणूरचा किल्ला पाहिलेल्यांना ती जागा माहीत असेल. राजाराम महाराज जिंजीला होते आणि मराठे मुघल फौजांना जेरीला आणत होते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संताजी घोरपड्यांनी दोड्डेरीला कासीमखानाच्या फौजेची धूळधाण केली. अशा दिवसांत भीमेकाठच्या त्या छावणीत बातमी येते की हाजींचं जहाज इंग्रजांनी लुटलं.

आणि बातमीबरोबर आणखी एक वस्तू आली. खाफीखान सांगतो की सुरतेच्या बातमीदाराने एक रुपया पाठवला होता. तो मुंबईत इंग्रजांनी पाडलेला होता आणि त्यावर त्यांच्या राजाचं नाव होतं. त्या सुमारास कंपनीने विल्यम आणि मेरी यांच्या नावाचे रुपये खरंच पाडले होते, तेही फारसी अक्षरांत. म्हणजे दिसायला मुघली रुपया, पण नाव परक्या राजाचं. नाणं आणि खुतबा ही बादशाहीची दोन लक्षणं. जहाज लुटणं हा गुन्हा होता; हा रुपया म्हणजे सार्वभौमत्वाला सरळ आव्हान होतं. बॉस्टनकरांनी ज्या गोष्टीसाठी जुन्या सालाची पळवाट काढली, तीच गोष्ट मुंबईकर इंग्रजांनी उघड केली.

हुकूम सुटले. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना कैद झाली आणि महिनोन्महिने ते बेड्यांत राहिले. मुंबईच्या किल्ल्याला वेढा घालायची तयारी करा, असं जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाला सांगण्यात आलं. याच याकूतखानाने १६८९-९० मध्ये मुंबईला वेढा घातला होता, त्यामुळे इंग्रजांना ही धमकी पोकळ वाटण्याचं कारण नव्हतं. पुढे यात्रेकरूंच्या जहाजांना संरक्षण देण्याचं कबूल करून कंपनीने आपली मान सोडवून घेतली.

खाफीखान स्वतः या सुमारास मुंबईला गेला होता. राहिरीच्या, म्हणजे रायगडच्या, मुघल फौजदाराच्या कामासाठी तो सुरतेहून माल घेऊन किनाऱ्याने निघाला होता. इंग्रजांना त्याने रुपयाबद्दल विचारलं. उत्तर अगदी व्यापाऱ्याचं मिळालं: तुमची नाणी वजनात कमी भरतात, त्यात भेसळ असते, त्यावरून रोज तंटे होतात, म्हणून आमच्या हद्दीपुरती आम्ही आमची पाडली!

इकडे एव्हरी हिंदी महासागरातून निसटला आणि १६९६ मध्ये नाव बदलून बहामा बेटांवर पोचला. तिथल्या गव्हर्नरचे हात ओले करून त्याची माणसं पांगली. काही आयर्लंडला, काही अमेरिकेतल्या वसाहतींत. सहा जण इंग्लंडात खटल्याला उभे राहिले आणि पाच जणांना नोव्हेंबर १६९६ मध्ये थेम्सच्या काठी फाशी झाली. एव्हरी मात्र आयर्लंडनंतर जो गायब झाला तो कायमचा.

बेलींचं म्हणणं असं की मिडलटाउनचं नाणं या लुटीतलं आहे. त्यांनी ते अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संशोधनपत्रिकेत मांडलं, आणि २०२१ साली ही बातमी जगभर गेली. तोवर इतर डिटेक्टरवाल्यांनाही त्याच काळातली अरबी नाणी मिळाली होती: मॅसॅच्युसेट्समध्ये दहा, ऱ्होड आयलंडमध्ये तीन, कनेक्टिकटमध्ये दोन आणि नॉर्थ कॅरोलायनात एक. बेलींनी कागदपत्रांतून आणखी एक धागा काढला. एव्हरीच्या लोकांनी वापरलेलं 'सी फ्लॉवर' नावाचं जहाज १६९६ मध्ये जवळजवळ चार डझन गुलाम घेऊन न्यूपोर्टला लागलं होतं. आपण गुलामांचे व्यापारी आहोत, हे सोंग त्यांनी घेतलं होतं.

पुरावा भक्कम आहे का? मला वाटतं, निम्मा आहे. तांबड्या समुद्राच्या वाटेवर लुटालूट करणारा एव्हरी एकटा नव्हता. न्यूपोर्टचाच थॉमस ट्यू १६९३ मध्ये एक जहाज लुटून श्रीमंत होऊन घरी आला होता. पुढे तो एव्हरीला सामील झाला आणि १६९५ च्याच मोहिमेत मारला गेला. त्या मोहिमेत ऱ्होड आयलंडहून आलेली आणखीही जहाजं होती. तेव्हा हे नाणं कोणत्या चाच्याच्या खिशातून पडलं हे नाणं सांगू शकत नाही. पण हाजींच्या वाटेवरच्या लुटीचा पैसा न्यू इंग्लंडच्या शेता-घरांत खेळत होता, एवढं ही सोळा-सतरा नाणी मिळून नक्की सांगतात. आणि ती जिथे सापडली त्या जागा नोंदल्या गेल्या, म्हणूनच सांगतात. तेच नाणं कुठून आलं हे न कळता बाजारात आलं असतं, तर थोडीशी चांदी यापलीकडे त्याला काही किंमत नव्हती.

इथे आपली आठवण येते. आपल्याकडे जुना वाडा पाडताना हंडा सापडल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात आहेत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवावं लागतं. पण पोलिसांच्या आणि कचेरीच्या फेऱ्यांना भिऊन माणसं गप्प बसतात, नाणी वाटून घेतली जातात आणि सराफाच्या मुशीत जातात. चांदी उरते. ती कोणत्या काळात, कोणत्या घरात, कोणत्या नाण्यांच्या शेजारी होती, ते वितळून जातं. सापडणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला त्या नाण्याचं बोलणं ऐकू येईल असं आपण काही केलेलंच नाही.

राहून राहून एक गोष्ट मनात येते. परदेशी बातम्यांमध्ये या नाण्याची हकीकत 'चाच्याचं रहस्य उलगडलं' अशी रंगवून आली. एव्हरीचं नाव सगळ्यांना कळलं. त्याच्या फासावर गेलेल्या साथीदारांचीही नावं खटल्याच्या कागदांत आहेत. गंज-इ-सवाईवरून समुद्रात उडी टाकलेल्या बायकांची नाहीत. 'सी फ्लॉवर'मधून उतरवलेल्या माणसांचीही नाहीत. ते येमेनी नाणं त्यांच्यापैकी कोणाच्या बटव्यात, कनवटीला होतं का? हजहून परत येताना घरच्या पोरांना दाखवायला म्हणून कोणी जपून ठेवलं होतं का?

मेटल डिटेक्टर एवढं खोल जात नाही. असो.