महानुभाव संन्याशांचा वेश व अलंकारत्याग
जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे प्रमुख तीर्थस्थान. तेराव्या शतकात पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे येथे वास्तव्य झाले, अशी पंथाची श्रद्धा आहे. येथे येणारे संन्यासी काळ्या वस्त्रांवरून लगेच ओळखू येतात. स्त्री-पुरुष दोघांनाही संन्यासाचा अधिकार असून दोघेही मुंडन करतात. भिक्षेची झोळी जवळ असते. दागिने मात्र दीक्षेबरोबरच सुटतात. वासनिक, म्हणजे गृहस्थ अनुयायी, नेहमीचा पोशाख करतात आणि दागिनेही घालतात.

या त्यागाची मुळे चक्रधरांच्या चरित्रातच दिसतात. म्हाइंभटांच्या ‘लीळाचरित्र’ या चक्रधरांच्या चरित्रग्रंथानुसार पूर्वाश्रमी ते गुजरातेतील प्रधानपुत्र हरपाळदेव होते. द्यूतात हरल्यावर देणे फेडण्यासाठी त्यांनी पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले. तिने ते नाकारले आणि त्यांना संसाराचा वीट आला. दागिन्यांवरून आलेले हे वैराग्य पंथाचा आचार समजून घेताना फार मोलाचे वाटते.

स्त्रियांच्या बाबतीत हा आचार विशेष धाडसी होता. केस व अलंकार उतरवणे समाजाने वैधव्याशी जोडले होते; चक्रधरांच्या शिष्या महदाइसा यांच्यासारख्या साधिकांच्या पंथात तेच स्वेच्छेने घेतलेल्या व्रताचे चिन्ह झाले.