गेम कन्सोल आणि गेमिंग संगणक

गेम कन्सोल आणि गेमिंग संगणक हे घरी व्हिडिओ गेम खेळण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांचे दोन प्रमुख प्रकार आहेत. गेम कन्सोल हे केवळ खेळांसाठी एका कंपनीने तयार केलेले, ठरावीक रचनेचे यंत्र असते. सोनीचे प्लेस्टेशन, मायक्रोसॉफ्टचे एक्सबॉक्स आणि निन्टेन्डोचे स्विच ही त्याची प्रचलित उदाहरणे होत. गेमिंग संगणक हा सर्वसाधारण वैयक्तिक संगणकच असतो. मात्र त्यात अधिक क्षमतेचे ग्राफिक्स कार्ड व प्रोसेसर बसवलेले असतात. असा संगणक तयार विकत घेता येतो किंवा सुटे भाग आणून जोडता येतो.

इ.स. २०१३ नंतरच्या काळात दोन्ही यंत्रांची अंतर्गत रचना बरीच सारखी झाली आहे. त्यामुळे त्यांच्यातील आजचा मुख्य फरक क्षमतेपेक्षा खर्चाची विभागणी आणि नियंत्रण यांत आढळतो. कन्सोलचा सुरुवातीचा खर्च कमी असतो. परंतु पुढील प्रत्येक खरेदी उत्पादक कंपनीच्या दुकानातून किंवा तिच्या परवान्याने होते. संगणकासाठी सुरुवातीला अधिक रक्कम आणि जुळणी व देखभालीचे ज्ञान लागते. परंतु खेळ कोठून घ्यावेत, कोणता भाग केव्हा बदलावा आणि यंत्र आणखी कशासाठी वापरावे, हे वापरकर्ता ठरवतो.

इतिहास

पहिला घरगुती गेम कन्सोल मॅग्नावॉक्स ओडिसी हा इ.स. १९७२ मध्ये अमेरिकेत विक्रीस आला. त्याची मूळ कल्पना राल्फ बेअर या अभियंत्याची होती. इ.स. १९७७ मध्ये आलेल्या अटारी २६०० मुळे बदलता येणाऱ्या काडतुसांवर खेळ विकण्याची पद्धत रूढ झाली. या यंत्रासाठी कोणीही खेळ तयार करू शकत असे. निकृष्ट खेळांचा सुळसुळाट झाल्याने इ.स. १९८३ मध्ये उत्तर अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला.

इ.स. १९८५ मध्ये निन्टेन्डोने आपला कन्सोल अमेरिकेत आणताना त्यात परवानाधारक काडतुसेच चालू देणारी एक विशेष चिप बसवली आणि प्रत्येक प्रकाशकाच्या वार्षिक खेळांच्या संख्येवर मर्यादा घातली. यंत्र बनवणारी कंपनीच त्यावर काय चालेल हे ठरवणार, हे तत्त्व तेव्हापासून कन्सोल उद्योगाचा पाया बनले.

संगणकाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. इ.स. १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीची रचना खुली असल्याने अनेक कंपन्या त्याच्याशी सुसंगत संगणक व सुटे भाग बनवू लागल्या. इ.स. १९९३ मधील डूम या खेळाने संगणक हे खेळाचेही प्रभावी साधन असल्याचे दाखवून दिले. इ.स. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीचे व्हूडू आणि इ.स. १९९९ मध्ये एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ ही ग्राफिक्स कार्डे आली. इ.स. २००३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने स्टीम ही सेवा सुरू केली आणि संगणकावरील खेळांची विक्री हळूहळू इंटरनेटवर गेली.

रचना

पूर्वी प्रत्येक कन्सोलची अंतर्गत रचना वेगळी असे. इ.स. २००६ मधील प्लेस्टेशन ३ मध्ये सेल नावाचा प्रोसेसर होता आणि त्यासाठी खेळ लिहिणे अवघड मानले जाई. इ.स. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही यंत्रांनी एएमडी कंपनीचे, घरगुती संगणकांतील प्रोसेसरांच्याच जातीचे प्रोसेसर स्वीकारले. इ.स. २०२० मधील प्लेस्टेशन ५ मध्ये एएमडीचा आठ गाभ्यांचा प्रोसेसर, १०.२८ टेराफ्लॉप्स क्षमतेचा ग्राफिक्स विभाग, १६ गीगाबाइट स्मृती आणि ८२५ गीगाबाइटची एसएसडी आहे. त्याच वर्षीच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सची ग्राफिक्स क्षमता सुमारे १२ टेराफ्लॉप्स आहे.

कन्सोलमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स विभाग एकच स्मृती वापरतात. संगणकात रॅम आणि ग्राफिक्स कार्डावरील स्मृती स्वतंत्र असतात. ठरावीक कन्सोलचे सर्व नग सारखेच असल्याने खेळ तयार करणाऱ्यांना नेमक्या एका रचनेसाठी काम करता येते. संगणकांच्या जुळण्या मात्र असंख्य असतात. म्हणून संगणकावरील खेळांत चित्राचा दर्जा, रिझोल्यूशन आणि दर सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या यांचा मेळ वापरकर्त्याला स्वतः घालता येतो आणि अनेकदा घालावाही लागतो. कन्सोलवर बहुधा उत्तम चित्र किंवा अधिक वेग असे दोन-तीनच पर्याय दिलेले असतात.

खर्चाचे स्वरूप

कन्सोल अनेकदा उत्पादनखर्चाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी किमतीत विकले जातात. इ.स. २०२१ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने एक्सबॉक्स यंत्रांच्या विक्रीवर कंपनीला कधीही नफा झाला नसल्याची साक्ष दिली. ही तूट खेळांच्या विक्रीतील हिस्सा आणि सदस्यत्वाची वर्गणी यांतून भरून काढली जाते. कंपनीच्या ऑनलाइन दुकानातून विकल्या जाणाऱ्या खेळाच्या किमतीपैकी साधारणतः ३० टक्के वाटा कंपनीला मिळतो. प्लेस्टेशन ४ पासून बहुतेक सशुल्क खेळ इंटरनेटवरून इतरांबरोबर खेळण्यासाठी प्लेस्टेशन प्लसचे सदस्यत्व आवश्यक झाले. एक्सबॉक्सवर अशी वर्गणी इ.स. २००२ पासून आहे. संगणकावर ऑनलाइन खेळण्यासाठी अशी सर्वसाधारण वर्गणी नसते.

संगणकाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांना खेळांच्या विक्रीतून काही मिळत नाही, त्यामुळे त्यांचा नफा भागांच्या किमतीतच धरलेला असतो. परिणामी नव्या कन्सोलच्या तोडीचा संगणक त्याच किमतीत तयार होणे सहसा अवघड असते. दुसरीकडे, संगणकावर एकाच खेळासाठी अनेक दुकाने उपलब्ध असतात. स्टीमच्या ३० टक्के वाट्याला आव्हान देत इ.स. २०१८ मध्ये सुरू झालेले एपिक गेम्स स्टोअर १२ टक्के वाटा घेते आणि ठरावीक काळाने काही खेळ विनामूल्य देते. या स्पर्धेमुळे संगणकावरील खेळांवर सवलती वारंवार मिळतात. कन्सोलच्या बाजूने मात्र डिस्कचा एक फायदा आहे: खेळून झालेली डिस्क विकता किंवा इतरांशी बदलून घेता येते. संगणकावरील खेळ खात्याशी जोडलेले असल्याने त्यांची पुनर्विक्री होत नाही.

कन्सोल कालांतराने स्वस्त होतात, हा पूर्वीचा अनुभव होता. अमेरिकेत २९९ डॉलरला आलेला प्लेस्टेशन २ इ.स. २००९ मध्ये ९९ डॉलरला मिळू लागला. याउलट, इ.स. २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलेल्या डिस्कसह प्लेस्टेशन ५ ची किंमत ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ डॉलर करण्यात आली. ग्राफिक्स कार्डांच्या किमतीही स्थिर नसतात. आभासी चलनांच्या निर्मितीसाठी झालेल्या मागणीमुळे इ.स. २०१७-१८ आणि पुन्हा इ.स. २०२०-२२ या काळात कार्डांचा तुटवडा निर्माण झाला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाने आपली पद्धत बदलल्यावर ही मागणी ओसरली.

विजेचा खर्चही विचारात घेतला जातो. खेळताना सुमारे २०० वॉट वीज घेणारा कन्सोल रोज ३ तास चालल्यास महिन्याला सुमारे १८ युनिट खर्ची पडतात. ४५० वॉट घेणाऱ्या संगणकाला त्याच वापरासाठी सुमारे ४० युनिट लागतात. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनुसार वाढत असल्याने हा फरक काही घरांच्या देयकात अधिक जाणवू शकतो.

भारतातील परिस्थिती

भारतात बहुसंख्य लोक मोबाइल फोनवर खेळतात. कन्सोल व गेमिंग संगणक यांचा वर्ग त्यामानाने लहान आहे. सायबर कॅफेंमधून काउंटर-स्ट्राइकसारखे संगणकीय खेळ एका पिढीच्या परिचयाचे झाले. एक्सबॉक्स सिरीज एक्स नोव्हेंबर २०२० मध्ये ४९,९९० रुपयांना विक्रीस आला. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी, म्हणजे अमेरिकेनंतर सुमारे अडीच महिन्यांनी आला. डिस्कसह त्याची किंमत ४९,९९० रुपये व डिस्कविना ३९,९९० रुपये होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये दोन्ही किमती ५,००० रुपयांनी वाढल्या. इ.स. २०२४ मधील प्लेस्टेशन ५ प्रो त्याच्या वायफायसाठी लागणारा ६ गीगाहर्ट्‌झ पट्टा तेव्हा देशात खुला नसल्यामुळे भारतात आणला गेला नाही.

इ.स. २०१७ मध्ये लागू झालेल्या वस्तू व सेवा करात सुरुवातीला गेम कन्सोलवर २८ टक्के, तर संगणकावर १८ टक्के दर ठेवण्यात आला होता. खेळांच्या किमतीतही तफावत आहे. स्टीमने इ.स. २०१५ मध्ये रुपयांत किमती सुरू केल्या आणि अनेक प्रकाशक भारतासाठी अमेरिकेपेक्षा कमी किंमत ठेवतात. सोनीच्या स्वतःच्या मोठ्या खेळांची प्लेस्टेशन ५ वरील किंमत मात्र प्रारंभी ४,९९९ रुपये होती. या दराने सहा नवे खेळ घेतल्यास २९,९९४ रुपये होतात, म्हणजे यंत्राच्या मूळ किमतीच्या निम्म्याहून अधिक. म्हणून केवळ यंत्राच्या किमतींची तुलना अपुरी ठरते.

संगणकाचे सुटे भाग मोठ्या शहरांतील विशेष बाजारांत मिळतात. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, आणि दिल्लीतील नेहरू प्लेस हे असे प्रसिद्ध बाजार आहेत. लहान गावांतील ग्राहक हे भाग मुख्यतः ऑनलाइन मागवतात.

संगणकाची जुळणी

गेमिंग संगणकाचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे आहेत:

- प्रोसेसर व त्याचा कूलर
- मदरबोर्ड
- रॅम
- ग्राफिक्स कार्ड
- एसएसडी
- एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठा करणारा भाग
- कॅबिनेट

मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि ऑपरेटिंग सिस्टम यांचा खर्च वेगळा असतो. खेळांच्या दृष्टीने सर्वांत मोठा खर्च बहुधा ग्राफिक्स कार्डावर होतो. मदरबोर्डावरील सॉकेट प्रोसेसरशी आणि रॅमची पिढी मदरबोर्डाशी जुळणे आवश्यक असते. खर्च वाचवण्यासाठी हलक्या प्रतीचा एसएमपीएस घेतल्यास त्याच्या बिघाडात इतर महागडे भागही निकामी होऊ शकतात. वीज वारंवार जाणाऱ्या किंवा दाब कमी-जास्त होणाऱ्या भागांत पुरेशा क्षमतेचा यूपीएस वापरला जातो. हीच काळजी कन्सोललाही लागू पडते.

सुट्या भागांचा मोठा लाभ टप्प्याटप्प्याने सुधारणा करण्यात आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटचे मदरबोर्ड इ.स. २०१७ मध्ये बाजारात आले. त्यांपैकी अनेकांवर बायोस अद्ययावत केल्यानंतर इ.स. २०२२ मधील रायझन ७ ५८००एक्स३डी हा प्रोसेसर बसवता येतो. मात्र प्रत्येक सॉकेटचे आयुष्य इतके दीर्घ नसते.

खेळांची उपलब्धता

काही खेळ एकाच कंपनीच्या यंत्रावर मिळतात. निन्टेन्डोचे मारिओ आणि झेल्डा या मालिकांतील प्रमुख खेळ संगणकासाठी प्रकाशित होत नाहीत. सोनीने इ.स. २०२० पासून आपले अनेक खेळ उशिरा संगणकावर आणले, इ.स. २०१८ मधील गॉड ऑफ वॉर जानेवारी २०२२ मध्ये संगणकावर आला. ग्रँड थेफ्ट ऑटो ५ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये, तर संगणकावर एप्रिल २०१५ मध्ये प्रकाशित झाला.

डोटा २ आणि लीग ऑफ लेजंड्स हे स्पर्धात्मक खेळ संगणकावरच खेळले जातात. माउसमुळे नेम अचूक साधता येत असल्याने नेमबाजीच्या स्पर्धांत संगणकाला पसंती मिळते. फुटबॉल, शर्यती आणि द्वंद्वाच्या खेळांसाठी कंट्रोलर सोयीचा मानला जातो. तो संगणकालाही जोडता येतो. संगणकावर खेळांत हौशी लोकांनी केलेले बदल, म्हणजे मॉड, बसवता येतात. काउंटर-स्ट्राइक आणि डोटा या दोन्हींची सुरुवात अशाच मॉडमधून झाली. या खुलेपणाची दुसरी बाजू अशी, की फसवणुकीचे प्रोग्राम वापरणेही संगणकावर तुलनेने सोपे असते.

आयुर्मान, दुरुस्ती आणि मालकी

कन्सोलची एक पिढी साधारणतः सहा ते आठ वर्षे चालते आणि तोपर्यंत नवे खेळ त्यावर चालतील अशी अपेक्षा असते. ही हमी पूर्ण नसते. डिसेंबर २०२० मध्ये आलेला सायबरपंक २०७७ हा खेळ प्लेस्टेशन ४ वर इतका सदोष चालला, की सोनीने तो सुमारे सहा महिने आपल्या दुकानातून काढून टाकला. संगणकालाही कालमर्यादा असते. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ अनेक जुन्या प्रोसेसरांवर अधिकृतरीत्या चालत नाही.

बिघाड झाल्यास कन्सोल सहसा संपूर्णच दुरुस्तीस द्यावा लागतो. इ.स. २००७ मध्ये एक्सबॉक्स ३६० मधील व्यापक दोषामुळे मायक्रोसॉफ्टला त्या दोषासाठीची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवावी लागली. जुळणी केलेल्या संगणकात प्रत्येक भागाची हमी वेगळी असते; बिघडलेला भाग तेवढाच बदलता येतो, परंतु दोष कोणत्या भागात आहे हे शोधण्याचे काम मालकाकडे येते.

डिजिटल स्वरूपात घेतलेला खेळ बहुतांश वेळा विकत मिळत नाही, तर वापरण्याचा परवाना मिळतो. हे दोन्ही यंत्रांबाबत खरे आहे. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांच्या ऑनलाइन दुकानांतील विक्री मार्च २०२३ मध्ये बंद केली आणि केवळ तेथेच मिळणारे खेळ नव्याने विकत घेता येईनासे झाले. संगणकावर जीओजीसारखी काही दुकाने कुलूपबंद नसलेल्या प्रती देतात. त्या स्वतःकडे जतन करता येतात.

निवडीचे निकष

पुढील परिस्थितीत कन्सोल अधिक सोयीचा ठरतो:

- घरात योग्य दूरचित्रवाणी संच आहे आणि तो खेळासाठी मोकळा मिळतो.
- सुरुवातीची रक्कम मर्यादित आहे आणि वर्षाला मोजकेच खेळ घेतले जातात.
- अभ्यास किंवा कामासाठी संगणक आधीच उपलब्ध आहे.
- डिस्कची देवाणघेवाण करणारे मित्र किंवा दुकान जवळ आहे.

पुढील परिस्थितीत संगणक अधिक सयुक्तिक ठरतो:

- शिक्षण, प्रोग्रॅमिंग, चित्रफीत संपादन किंवा त्रिमितीय आरेखन यांसाठी संगणक तसाही घ्यावयाचा आहे. अशा वेळी खेळांसाठीचा खर्च मुख्यत्वे ग्राफिक्स कार्डापुरता उरतो.
- जुने खेळ, मॉड किंवा संगणकावरच उपलब्ध असणारे स्पर्धात्मक खेळ खेळावयाचे आहेत.
- भाग निवडण्याची, जोडण्याची आणि दोष शोधण्याची तयारी आहे किंवा विश्वासू दुकानदार उपलब्ध आहे.

दोन्ही प्रकारांत एका दिवसाच्या किमतीऐवजी पाच-सहा वर्षांचा एकत्रित खर्च पाहणे उपयुक्त ठरते. त्यात यंत्र, पडदा, खेळ, वर्गणी, वीज आणि दुरुस्ती यांचा समावेश होतो. एकदा निवड केल्यावर घेतलेले खेळ व मित्रांचे जाळे त्या व्यवस्थेशी बांधले जातात. त्यामुळे नंतर दुसऱ्या यंत्राकडे वळताना बहुतेक खेळ पुन्हा विकत घ्यावे लागतात.

हे सुद्धा पहा

- व्हिडिओ गेम
- वैयक्तिक संगणक
- ग्राफिक्स कार्ड
- प्लेस्टेशन
- एक्सबॉक्स